पट्टीखालची ओळ

पाळकाचं आणि इस्त्रीवालीचं काहीतरी होतं, ही कुजबुज शेवटच्या बाकावर पोसली गेली. शेवटच्या बाकाला दुसरं काम तरी काय असतं? पुढच्या बाकांवर भक्ती, मधल्यांवर डुलक्या आणि शेवटच्यावर बातम्या, ही वाटणी कुठल्याही चर्चमध्ये ठरलेलीच.

पुरावे म्हणाल तर भक्कम होते. ती दर शनिवारी पाळकाचा पांढरा झगा इस्त्री करून आणून द्यायची. इतकी वर्षं झगा खुंटीला लावला की लगेच निघायची, पण मरायच्या आधी काही आठवडे ती चर्चमागच्या खोलीत गेली की लवकर बाहेर येईना. दार लोटलेलं असायचं. आणि लोटलेल्या दारामागे काय चाललंय हे आतल्यांपेक्षा बाहेरच्यांनाच जास्त ठाऊक असतं. समोरच दुकान मांडून बसलेल्या शिंपिणीने तिला डोळे पुसत बाहेर पडताना पाहिलं. शिंपीणच ती, एवढ्या कापडात तिने अख्खा अंगरखा बेतला.

शिवाय त्या बाईला पुरलं तेव्हा पाळकाने कबरेवर जे वाचलं, ते कुणी कबरेवर वाचत नाही. आणि त्यानंतर हा माणूस व्यासपीठावर चढायचा, बायबल उघडायचा, अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, पुस्तक मिटायचा आणि खाली उतरायचा. उपदेश म्हणून एक अक्षर बोलला नाही, मरेपर्यंत.

"माणूस काय उगाच मुका होतो?" शिंपीण दोरा दाताने तोडत म्हणायची. "आत काहीतरी जळल्याशिवाय धूर निघत नाही, बाई."

धूर खरा होता. पण काय जळत होतं ते कळायला जरा मागे जावं लागेल.

पाळक दिसायला किरकोळ. मान बारीक, गळ्याची घाटी मोठी, आणि त्या एवढ्याशा देहातून निघणारा आवाज असा की नवख्या माणसाने मागे वळून बघावं, बोलतंय कोण म्हणून. त्याच्या बापाचं बुटांचं दुकान होतं. लहानपण खोक्यांच्या भिंतीआड गेलं आणि बोलणं तो तिथेच शिकला. पायाला चावणारा बूटसुद्धा "दोन दिवसांत सैल होईल" असं म्हणून तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात, म्हणजे पायात, मारायचा. गिऱ्हाईक लंगडत जायचं आणि वर आभार मानायचं. असा मुलगा पुढे एकतर पुढारी होतो नाहीतर उपदेशक. हा दुसरा झाला.

त्याला शिकवणारा म्हातारा पाळक मोठा कसबी होता. तो म्हणायचा, "लांब वचन म्हणजे बोथट सुरी. नुसती घासत बसते. लहान घे. टाचणी लहान असते म्हणूनच आत जाते."

आता बायबल हातात धरायच्या उपदेशकांच्या तऱ्हा असतात. काही जण ते उघडतच नाहीत. लहान मूल घ्यावं तसं छातीशी धरतात आणि मनाला येईल ते बोलतात. काही जण हवेत उंच धरून दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर चापट्या मारतात, बाजारात मडकं वाजवून विकावं तसं. काही जण इथून तिथे, तिथून मागे, परत पुढे अशी पानं पळवतात, की ऐकणारे बोटाला थुंकी लावून लावून थकतात आणि शेवटी आपलं पुस्तक मिटून "तुमचं चालू द्या" म्हणतात. एक पाहुणे उपदेशक तर डोळे मिटून पुस्तक उघडायचे आणि बोट पडेल ती ओळ आजची. एकदा बोट नेमकं वंशावळीवर पडलं. त्या दिवशी मंडळींनी कोण कोणाचा मुलगा आणि तो कोणाचा बाप एवढंच ऐकून घरी जाऊन जेवण केलं.

आपला पाळक या कुणातलाच नव्हता. त्याच्याकडे एक पट्टी होती. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेली, दोन बोटं रुंद, हाताळून हाताळून कडा मऊ झालेली. वचनाची ओळ निवडली की तिच्या बरोबर खाली तो ती पट्टी ठेवायचा. डोळा हा मोठा उनाड, ओळ संपली तरी पुढे धावतो. आणि पुढे धावला की पंचाईत, कारण त्या पुस्तकात एक ओळ कान पकडते आणि दुसरी लगेच पाठीवरून हात फिरवते. ज्याला कान पकडायचाय त्याने वेळेवर थांबायला हवं. पाळकाचं सगळं कसब त्या थांबण्यात होतं.

आठवडाभर तो ऐकत फिरायचा. कोण पितो, कोणाचं भावाशी पटत नाही, कोण दुधात पाणी घालतं. रविवारी त्या माणसाच्या मापाची ओळ निघायची. नाव घ्यायचं नाही, त्या बाजूला बघायचंही नाही, पण सगळ्या चर्चला कळायचं. लोकांनी त्याचं नाव 'टाचणी' ठेवलं. भक्तीनंतर पायऱ्यांवर पहिला प्रश्न तोच, "आज कोणाला टोचली?" एकदा खोट्या मापाची ओळ निघाली आणि दूधवाला कानापर्यंत लाल झाला. त्या आठवड्यात दूध असं आलं की वर साय धरली. पुढच्या आठवड्यात पुन्हा जैसे थे. टाचणीचा गुण तेवढाच.

पाळकाची बायको लवकर वारली होती. घर त्याची थोरली बहीण सांभाळायची. तिलाही संसार उरला नव्हता. सगळी मंडळी तिला ताई म्हणायची आणि जरा घाबरायची. ताईंच्या जिभेला हाड नव्हतं. भाऊ उपदेश करून घामाघूम होऊन घरी यायचा आणि आशेने बघायचा, तर ताई म्हणायच्या, "आज लवकर सुटलो, बरं झालं." सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे, "आज खोकला कमी होता तुझा."

आणि पाळकाला कौतुक लागायचं. एखाद्याला संध्याकाळचा चहा लागतो तसं. नाही मिळालं तर डोकं दुखायचं.

ते त्याला द्यायचा मिस्त्री. मिस्त्री म्हणजे सुतार. पहिल्या बाकावर, अगदी समोर बसायचा. दांडगा, हसरा, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवणारा, लग्न असो की मयत, बाकं उचलायला सगळ्यांच्या आधी हजर. व्यासपीठ त्यानेच घडवलेलं. बायबल ठेवायचा उतार असा नेमका केलेला की पान आपसूक उलटू नये, आणि कडेला एक बारीक खाच, पाळकाची पट्टी ठेवायला. "तुमचं हत्यार घसरायला नको," म्हणाला होता. पाळक त्यावर इतका खूश झाला होता की खाचेवरून बोट फिरवत राहिला. दर रविवारी उपदेश संपला की मिस्त्री दाराशी त्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा. "आज मस्त झालं, पाळकसाहेब. टोचलं!" मग तो पाळकाच्याच घरी जेवायला थांबायचा. बायको पुढे घरी जायची. इस्त्रीचे कपडे लोकांना सोमवारी हवे असतात, असं तो म्हणायचा.

इस्त्रीवाली ती हीच, मिस्त्रीची बायको. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल होतं, मागे त्याचा कारखाना, वर निजायची खोली. हडकुळी, कमी बोलणारी बाई. सुरकुती दिसली की हात आपोआप तिकडे जायचा. चर्चमध्ये बसल्या बसल्या शेजारणीच्या ओढणीची घडी सारखी करायची.

एका रविवारी ताई आत भांडी लावत होत्या, तेव्हा मिस्त्री जेवणाच्या टेबलावर पुढे वाकला.

"पाळकसाहेब, एक काम होतं."

"बोला की, मिस्त्री."

"घरात जरा ऐकणं कमी झालंय. मागे शब्दाला शब्द लागला तर उठून आईकडे निघून गेली. आणली परत. पण तुम्ही एखादं वचन टाकलंत, तर तुमचं ऐकेल."

सुरीला धार लावून मागावी तसं त्याने मागितलं. आणि पाळकानेही धारवाल्यासारखंच विचारलं, "कितपत टोचू?"

"तिची आईपण बसते ना समोर. दोघींना कळेल इतकं."

पाळकाला ओळ शोधावीही लागली नाही. बायकांनी आपल्या नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, अशा अर्थाची ती ओळ प्रत्येक उपदेशकाला झोपेत सापडते. त्याने ती काढली, खाली पट्टी ठेवली आणि पुढच्या रविवारी असा काही बोलला की विचारू नका. एका गाडीला दोन जण हाकायला बसले की गाडी खड्ड्यात कशी जाते, हे त्याने दोन्ही हातांनी लगाम ओढून दाखवलं. लोक पोट धरून हसले. मिस्त्रीचं हसणं सगळ्यात वर. बायकांच्या बाजूला काही जणी पदराआड हसल्या, काही जणींनी मांडीवरच्या पुस्तकाची कड खाजवली. इस्त्रीवाली सरळ समोर बघत होती. तिची आई डोळे मिटून मान हलवत होती, एकेका शब्दाला.

ही आई म्हणजे साधी, कडक बाई. पाळक व्यासपीठावरून बोलला म्हणजे देवाने खिडकी उघडून सांगितलं, असं मानणारी. त्याच दुपारी तिने मुलीला सांगितलं, "आता पुन्हा पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहू नकोस. सगळ्यांदेखत सांगितलंय त्यांनी. मी काय देवापेक्षा मोठी आहे?"

तिचं जायचं एकच दार होतं. ते पाळकाने बंद केलं, आणि त्याला पत्ताही नव्हता. तो घरी डुलक्या घेत होता, आज खरंच मस्त झालं या समाधानात.

शनिवारी ती झगा घेऊन आली. खुंटीला लावला, बाहीची घडी सारखी केली आणि तशीच उभी राहिली.

"पाळकसाहेब, तुम्ही त्या दिवशी थांबलात ना, त्याच्या पुढे एक ओळ आहे."

"कसली ओळ?"

"नवऱ्यांसाठी. बायकोवर माया करावी, तिच्याशी निष्ठुर वागू नये, अशी. घरी जाऊन बघितलं मी. लगेच खालीच आहे."

पाळक हसला. "आहे की. असायचीच. पण सगळं एकदम सांगितलं तर लोकांच्या लक्षात काय राहणार?"

"मग आता ती सांगा. या रविवारी. एवढीच वाचा, बाकी काही बोलू नका."

"का गं, मिस्त्री काही..." त्याने वाक्य अर्धंच ठेवलं. थांबायची सवय.

"आईने दार लावलंय मला," ती म्हणाली. "तुम्ही बोललात म्हणून. तुम्हीच वाचलीत तर ती उघडेल."

"अगं, नव्याचे ताण असतात. सैल होईल हळूहळू," पाळक म्हणाला, आणि म्हणताना त्याला क्षणभर बापाच्या दुकानातला पुठ्ठ्याचा वास आला. मग घाईने, "बरं, बरं. रविवारी बघू."

लग्नाला दहाएक वर्षं झाली होती त्यांच्या. नव्याचं कसलं?

रविवारी त्याने ते पान काढून ठेवलं. पट्टी एक ओळ खाली सरकवली. मान वर केली तर समोर मिस्त्री. त्या सकाळी लवकर येऊन मिस्त्रीने व्यासपीठाची करकरणारी फळी ठोकून दिली होती. तो हसून भुवया उडवत होता, चला पाळकसाहेब, होऊ द्या. पाळकाने पान उलटलं. त्या दिवशी मंडळींनी वादळात सापडलेल्या नावेबद्दल ऐकलं. भीतीबद्दल फार चांगलं बोलला म्हणे.

पुढच्या शनिवारी झगा द्यायला ती आली तेव्हा पाळक खोलीतच खुर्चीत बसला होता आणि ताई फुलदाणी घासत होत्या. ऊन असूनही तिने गळ्याभोवती रुमाल घट्ट गुंडाळला होता. झगा लावायला हात वर केला आणि रुमाल सरला. मानेच्या मागे लाल, चिघळलेला चट्टा, एका टोकाला निमुळता.

"काय झालं गं?" ताई म्हणाल्या.

"इस्त्री लागली, ताई."

ताईंनी फुलदाणी खाली ठेवली. त्यांनी तिचा रुमाल हलक्या हाताने पुन्हा नीट केला आणि बाहेर गेल्या. त्यांना माहीत होतं की आता इथे दोघांनीच बोलायला हवं. शिंपिणीने समोरून पाहिलं, ते हेच. ताई बाहेर आल्या आणि दार लोटलं गेलं.

आत पाळक खुर्चीत मागे सरकला होता. "मी बोलतो त्याच्याशी. एकट्यात नीट समजावतो."

"एकट्यात नको," ती पटकन म्हणाली. "एकट्यात तो तुम्हाला हो म्हणेल, पाया पडेल, आणि घरी येऊन मला विचारेल, काय काय सांगितलंस. चारचौघांत वाचा. तो फक्त चारचौघांना भितो."

"या रविवारी नक्की."

ती रडली ती तेव्हा. त्याने नक्की म्हटल्यावर. मग डोळे पुसत बाहेर पडली. पुढचं शिंपिणीने शिवलं.

दुपारी जेवताना ताई म्हणाल्या, "इस्त्री करणाऱ्या बाईला चटका बसतो तो बोटाला. नाहीतर मनगटाला. मानेच्या मागे कोण इस्त्री करतं रे?"

पाळक पाण्याचा पेला फिरवत राहिला.

"मी विचारतेय."

"वाचणार आहे उद्या," तो म्हणाला. "वाचायला सांगितलंय तिने एक ओळ. वाचतो."

आणि त्याने वाचली. पण कशी वाचली ते ऐका. उपदेश झाला दुसऱ्याच वचनावर. शेवटचं गीत झालं. आशीर्वाद झाला. लोक उठले, बाकं मागे सरकली, मुलं दाराकडे पळाली, म्हाताऱ्यांच्या काठ्या वाजल्या, आणि त्या सगळ्या गलबल्यात पाळकाने मान खाली घालून, ओठ हलतील न हलतील असं, ती ओळ पुटपुटली. पुस्तक मिटलं. शब्द दिला होता, पाळला. दाराशी मिस्त्रीने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "मस्त झालं, पाळकसाहेब!" पाळकाच्या छातीत ते ऊबदार काहीतरी पसरलं, नेहमीचं. त्याला स्वतःचीच जरा शिसारी आली, पण पसरलं खरं.

ती शनिवारी आली. या वेळी उभीही राहिली नाही. झगा खुंटीला लावला, बाहीची घडी केली.

"वाचली मी," पाळक म्हणाला. "तुला ऐकू आली का?"

"मला आली," ती म्हणाली. "पण ती ओळ मला कुठे ऐकवायची होती, पाळकसाहेब?"

"थांब जरा. उद्या. उद्या सुरुवातच तिने करतो, देवाशपथ."

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. जाताना दार तिने नीट ओढून घेतलं, आवाज न करता.

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजायच्या आतच मिस्त्री केस विस्कटलेले, अनवाणी, पाळकाच्या दारात आला. बायको जिन्यावरून पडली, म्हणाला. वरच्या पायरीवर पाणी सांडलं होतं, म्हणाला. डॉक्टरांनी येऊन मान हलवली. त्यांच्या दवाखान्याची सगळी दारं मिस्त्रीने केलेली, आणि ती अजूनही कुरकुरत नाहीत. कुणी काही विचारलं नाही. विचारणार कोण? जो माणूस सगळ्यांच्या मयतीला बाकं उचलतो, त्याच्या घरी मयत झाली तर लोक बाकंच उचलतात.

शवपेटी त्याने स्वतःच्या हाताने केली. दिवसभर कारखान्यातून रंध्याचा आवाज येत होता. लोक म्हणाले, बघा, किती जीव होता तिच्यावर. पेटी सुरेख झाली होती, कोपऱ्यांचे सांधे कळतही नव्हते. तिची आई पेटीजवळ बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "नांदली हो माझी लेक. शेवटपर्यंत नांदली."

पाळक ते ऐकत उभा होता, बायबल काखेत धरून.

दफनभूमीत मिस्त्री त्याच्या कानाशी आला. "आज छोटंच वाचा, पाळकसाहेब. मला सहन नाही व्हायचं."

पाळकाने पुस्तक उघडलं. काळी फीत मयतीच्या पानावर होती, ती त्याने सोडून दिली. पानं उलटत दुसरीकडेच गेला. पट्टी त्या पानात होतीच, एक ओळ खाली सरकवून ठेवलेली. त्याने ती काढून खिशात घातली आणि अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, आपल्या त्या मोठ्या आवाजात. बायकांची ओळ आली. त्याने श्वास घेतला नाही. नवऱ्यांची ओळ आली, ती त्याने अशी वाचली की कबर खणणाऱ्यानेही फावडं बाजूला ठेवलं. मग मुलांची, बापांची, चाकरांची, जे जे लिहिलंय ते सगळं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मयतीला नवराबायकोचं वचन? शिंपिणीने शेजारणीच्या कुशीत कोपर मारलं. कुजबुज जन्मली ती त्या क्षणी, शेवटच्या बाकाची वाटही न बघता.

आईने मात्र मान हलवली नाही. पहिल्यांदाच ती पाळकाकडे डोळे उघडून बघत होती.

माती पडली. लोक पांगले. मिस्त्रीने येऊन पाळकाचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे लाल होते त्याचे, आणि ते रडणंही खरंच असेल, कोण सांगणार.

"चांगलं वाचलंत, पाळकसाहेब," तो म्हणाला. "मस्त झालं."

पाळकाने हात सोडवून घेतला आणि तिने इस्त्री केलेल्या झग्याला तो पुसत फाटकाकडे निघाला.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. उपदेश बंद, नुसतं वाचन. सुरुवातीला लोकांना वाटलं, सुतक असेल. मग पंच मंडळी घरी आली. "पाळकसाहेब, अहो काहीतरी टोचा ना. लोक कंटाळले. मागच्या रविवारी दोन बाकं रिकामी होती." पाळक म्हणाला, "पुस्तकात जेवढं आहे तेवढं वाचतो. कमी नाही, जास्त नाही." पंच हात हलवत गेले. पट्टी स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली.

कुजबुज वाढत वाढत शेवटी ताईंच्या कानावर आली. ताई तणतणत घरी आल्या.

"अरे, लोक काय बोलतायत ठाऊक आहे तुला? तुझं आणि तिचं! मेलीच्या नावाला बट्टा लागतोय. उभा राहा आणि सांग की तसं काही नव्हतं!"

पाळक खिडकीशी बसला होता. "मग विचारतील, ती कशाला येत होती."

"मग सांग कशाला येत होती ते!"

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांना कळलं. कळलं तसं त्या मोडकी म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या खुर्चीवरच बसल्या. लफडं केलेला पाळक म्हणून मिरवणं भावाला जमत होतं. लफडं निदान माणसाचं असतं. दुसरं जे होतं, त्याला तर नावही नव्हतं.

"इतका रे भित्रा तू?" त्या म्हणाल्या, आणि ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात हळू आवाजात म्हटली असेल.

कुजबुजीने आपलं काम चोख केलं. मिस्त्रीबद्दल सगळ्यांना कळवळा आला. बिचारा, बायको तसली आणि त्याने पेटी किती सुरेख केली. वर्षभराने तो दुसऱ्या गावी गेला, तिथे त्याचं लग्न झालं. तिथल्या पाळकाने कुठली ओळ वाचली असेल, याचा विचार आपल्या पाळकाने केला की नाही, ठाऊक नाही. पण ती बातमी आली त्या दिवशी त्याने चर्चमध्ये जो अध्याय वाचला, तो संपल्यावर लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आणि आई? कुजबुज तिच्यापर्यंत पोचल्यावर तिने लेकीच्या कबरेवर जाणं सोडलं. तिथे गवत वाढलं. पाळक अधूनमधून जाऊन उपटायचा. त्यानेही पुरावा आणखी भक्कम झाला.

तो गेला तो थंडीच्या दिवसांत, छातीत कफ भरून. शेवटी शेवटी, ताईंना सगळं सांगून टाकल्यावर, आवाजच राहिला नव्हता. ताई उशाशी बसून त्याला अध्याय वाचून दाखवायच्या. दमून मध्येच थांबल्या की तो बोट हलवायचा, पुढे, पुढे.

त्याला पुरून झाल्यावर ताई घरी गेल्या नाहीत. काठी टेकत त्या इस्त्रीवालीच्या आईच्या घरी गेल्या. तिने दार अर्धंच उघडलं.

"आत येऊ दे," ताई म्हणाल्या. "तुझ्या लेकीबद्दल सांगायचंय. माझ्या भावाबद्दलही. सांगून झाल्यावर मला हाकलून दे हवं तर."

समोरून शिंपीण बघत होतीच. ताईंनी मागे वळून तिलाही हाक मारली. "तूही ये गं. पुढच्या वेळी नीट शिवशील."

मग त्या जे बोलल्या ते एवढंच.

त्या दोघांचं काही नव्हतं. ती त्याच्याकडे यायची ती बायबलातली एक ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा म्हणून सांगायला. ती ऐकली असती तर आईने तिला घरात घेतलं असतं. मिस्त्री नाराज होईल म्हणून त्याने ती वेळेवर वाचली नाही.